खिडकीतल्या ४१ नळ्या कुठे पाठवू?

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय जरा चमत्कारिक आहे, आधीच सांगते.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. ऑगस्टअखेर घर रिकामं करून द्यायचंय. पितळी भांडी बहिणीकडे, पुस्तकं वाचनालयाला, कपाट पुतण्याला, सगळ्याची सोय झाली. अडून राहिल्यात त्या उत्तरेच्या खिडकीतल्या ४१ काचनळ्या. प्रत्येकीत तिरका गोठवलेला आगर (जेलीसारखा थर) आणि त्यावर हिरवी, निळसर नाहीतर तपकिरी साय. शेवाळ आहे. एका नळीत एक जात, निदान माझी तशी समजूत आहे.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे, २०१९ ला निवृत्त झाले. १९९६ च्या दिवाळीनंतर टी.वाय.च्या मुलींना घेऊन मासुंदा तलावावर गेले होते, गडकरी रंगायतनच्या बाजूने पाणी भरून आणलं. प्रॅक्टिकल संपल्यावर बाटली फेकायची, इतकाच बेत. पण मायक्रोस्कोपखाली पेडिअॅस्ट्रम नावाच्या शेवाळाची अशी देखणी चक्रं दिसली की फेकवेना. मग नादच लागला. काचेची नळी बर्नरवर ओढून केसासारखी बारीक करायची, तिने एक पेशी उचलायची, स्वच्छ थेंबात सोडायची, तिथून पुढच्या थेंबात, असे सात-आठ थेंब धुऊन मग माध्यमात, म्हणजे शेवाळाच्या खुराकात. दहातल्या आठ मरतात. उरलेल्या दोन महिन्याभराने हिरव्या दिसल्या की त्या दिवशी मी घरी शिरा करायचे.

पुढच्या बारा वर्षांत मासुंदा, कचराळी, उपवन, जेल तलाव, विटाव्याकडचा खाडीचा चिखल, मुलुंड-भांडुपची मिठागरं, जिथे म्हणून हिरवं दिसलं तिथून आणलं. वहीत ६३ नोंदी आहेत. मग लॅबचं नूतनीकरण निघालं. मी परीक्षेच्या ड्युटीवर असताना दोन रॅक भंगाराच्या ढिगाशेजारी उन्हात ठेवले गेले. कॉलेजचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, त्यांना त्या धुवायच्या राहिलेल्या नळ्या वाटल्या. वाचलेल्या ४१ मी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणल्या.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी सबकल्चर, म्हणजे थोडं उचलून ताज्या नळीत. माध्यम घरीच बनवते, प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं, बोळे कापसाचे. आगर संपला तर वाण्याकडचा चायना ग्रास. चालतो, थोडा गढूळ दिसतो इतकंच.

आता भाड्याचं घर कोलशेतला मिळालंय आणि त्याच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला. पुढच्या मे महिन्यात नळ्या उकडून निघतील. शिवाय गुडघे. तर प्रश्न असा की हे कोणाला देता येतं का? देशात असे संग्रह आहेत हे माहीत आहे, पण खिडकीतलं शेवाळ कोणी घेतं का?

---

नौपाड्याचा_बंड्या | शुक्रवार, रात्री १०:१२

काकू दंडवत! आमच्या सोसायटीच्या टाकीत याहून जुना संग्रह आहे, तोही मोफत घेऊन जा.

जोक बाजूला. आमच्या आईचं विरजण तिच्या सासूबाईंकडून आलेलं, म्हणजे निदान चाळीस वर्षांचं. त्यालाही नंबर मिळेल का?

---

सागवान | शुक्रवार, रात्री १०:४०

भावना समजतात, पण एक व्यवहारी प्रश्न. मासुंदा तलाव तिथेच आहे. शेवाळही तिथेच आहे. कोणाला हवं असेल तर बाटली बुडवून नवीन घेईल. तीस वर्षं तेच जपून काय मिळवलं? वाईट वाटून घेऊ नका, मी इंजिनिअर आहे, आम्हाला हे कळत नाही.

---

तिसरी_पाळी | शनिवार, पहाटे ४:२०

रबाळेला औषध कंपनीच्या क्यूसी मायक्रोमध्ये, म्हणजे मालातले जंतू तपासणाऱ्या विभागात आहे. आत्ता प्लेट्स इनक्युबेटरला लागल्यात, तोवर लिहितो.

सागवान साहेब, आमच्याकडे रोज जो स्टॅफिलोकोकस जीवाणू वापरतात तो एटीसीसी ६५३८. अमेरिकेतल्या संग्रहाचा क्रमांक आहे हा, तो संग्रह १९२५ पासून चालू आहे. आम्ही रबाळ्यात, कोणी हैदराबादला, कोणी जर्मनीत, सगळे तपासणीला हाच ६५३८ घेतात. प्रत्येकाने आपापल्या नाकातून स्टॅफ काढला असता तर कोणाच्या रिपोर्टचा कोणाच्या रिपोर्टशी मेळ बसला नसता. बाटली बुडवून 'एक' शेवाळ मिळेल, 'तेच' मिळणार नाही.

पण काकू, आता कडू बोलतो. आमच्याकडे मूळ कल्चरपासून (वाढवलेल्या जंतूंपासून) पाच पॅसेजच्या, म्हणजे पाच सबकल्चरच्या, पुढे जायची परवानगी नाही. पाच. तुम्ही दर दोन महिन्यांनी करताय, म्हणजे वर्षाला सहा, तीस वर्षांचे पावणेदोनशेच्या घरात गेले. आमचा ऑडिटर हे ऐकून चक्कर येऊन पडेल. दर वेळी लूपने (तारेच्या कडीने) जे उचललं जातं ते माध्यमावर जोरात वाढणारं असतं. तळ्यात जगायला लागणारे गुण कुकरमधल्या माध्यमात लागत नाहीत, हळूहळू गळतात. तुमच्या नळीत आज जे आहे ते १९९६ चं मासुंदा आहे की तुमच्या खिडकीत राहायला शिकलेलं काहीतरी?

---

गच्चीवरची_स्पिरुलिना | शनिवार, सकाळी ८:०५

तिसरी_पाळींशी १००% सहमत. घणसोलीला गच्चीवर दोन टाक्यांत स्पिरुलिना (खायचं निळं-हिरवं शेवाळ) वाढवतो, छोटा धंदा आहे. मूळ कल्चर घेतलं तेव्हा मायक्रोस्कोपखाली झकास स्प्रिंगा दिसायच्या. दोन वर्षांनी बघतो तर सगळ्या काड्या. सरळसोट. आणि सरळ झाली की आमच्या कापडी गाळणीतून निम्मी निसटून जाते, वेटोळी असली की अडकते. म्हणजे माझ्या दृष्टीने जात तीच राहिली, माल बदलला. नवीन कल्चर विकत आणावं लागलं.

---

पिपेटवाला | शनिवार, सकाळी ११:३०

मी पुण्यात एका सूक्ष्मजीव संग्रहात बरीच वर्षं काम केलं, आता वाशीला असतो. ताईंचा धागा वाचून राहवलं नाही. थोडं लांबेल.

आधी सागवान यांना. ब्रिटनमध्ये १९२० साली एक जीवाणूसंग्रह सुरू झाला. त्यातला पहिला क्रमांक म्हणजे एका सैनिकाला हगवण झाली तेव्हा वेगळा केलेला जीवाणू. तो सैनिक १९१५ मध्ये फ्रान्समध्ये वारला. साधारण शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये त्या जीवाणूचा सगळा जनुकक्रम वाचला तेव्हा कळलं की तो पेनिसिलीनला दाद देत नव्हता. पेनिसिलीन सापडलं १९२८ ला! म्हणजे औषध यायच्या आधीपासून हे गुण जीवाणूंत होते. १९२० मध्ये ती नळी ठेवणाऱ्याला जनुकक्रम हा शब्दही ठाऊक नव्हता. पुढे कोण काय विचारील हे ठेवणाऱ्याला कधीच कळत नाही, म्हणून तर आमच्या धंद्यात काही फेकलं की पुढे कोणीतरी शिव्या घालतं.

दुसरं एक. कोविडमध्ये सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली ती आरटी-पीसीआर. त्या पीसीआरचं एंझाइम मूळचं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या एका जीवाणूचं. तो १९६० च्या दशकात कोणाला औषधापुरताही नको होता. ज्यांनी शोधला त्यांनी संग्रहात जमा करून ठेवला. १९८० च्या दशकात गरज पडली तेव्हा फडताळातून काढल्यासारखा निघाला.

आता तिसरी_पाळी. तुमचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर संग्रहात शक्यतो सबकल्चरवर विसंबत नाहीत. जीवाणू असेल तर गोठवून वाळवतात, काचेच्या अँप्यूलमध्ये हवा काढून सील, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतो. नाहीतर द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. तिथे पेशीचं सगळं कामकाज थांबतं, पॅसेज नाही आणि बदलही नाही.

पण शेवाळाची खोड वेगळी. गोठवून वाळवणं बहुतेक शेवाळांना मानवत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये क्लोरेला, सिनेडेस्मस असल्या काटक जाती टिकतात. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून थोडं डीएमएसओ नाहीतर मिथेनॉल घालायचं, मिनिटाला एक अंश या चालीने उणे चाळीसपर्यंत न्यायचं, मग नायट्रोजनमध्ये बुडी. डायअॅटम आणि तंतूवाले काही असे रुसतात की विचारू नका. म्हणून जगातले मोठे शेवाळसंग्रहसुद्धा आजही कित्येक जाती ताईंसारख्याच दर काही आठवड्यांनी हाताने नवीन नळीत टाकतात. बाइयेरिंक या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हॉलंडात वेगळी केलेली क्लोरेला अजून जिवंत आहे, ती बरीचशी अशाच हातांमुळे.

बंड्या, विरजणाला नंबर मिळणार नाही. त्यात किती जाती आहेत हे कोणालाच माहीत नसतं. पण आमच्याकडचा पहिला नियम तुमच्या आईला ठाऊक असणार. विरजण नासलं की शेजारी वाटी घेऊन जायचं. आम्ही त्याला दुसरी प्रत म्हणतो आणि ती वेगळ्या इमारतीत ठेवतो. ताई, तुमची दुसरी प्रत कुठे आहे?

---

तळ्यात_मळ्यात | शनिवार, दुपारी ३:१५

दुसरी प्रत नाही. कॉलेजात प्रत्येकाच्या दोन नळ्या होत्या. घरी जागा नाही म्हणून एकेकच ठेवली. हे लिहितानाही पोटात गोळा येतोय.

तिसरी_पाळी, तुम्ही कडू बोललात असं मुळीच वाटलं नाही. बदललंच आहे. माझ्याकडे उपवनची मायक्रोसिस्टिस आहे. तळ्यात तिचे गोळे असतात, श्लेष्मात शेकडो पेशी, उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय धरते. नळीत दोन-तीन वर्षांत गोळे मोडले, आता सुट्या सुट्या पेशी. तरंगणंही जवळजवळ सोडलंय.

खाडीतला डायअॅटम तर माझ्या डोळ्यांदेखत आक्रसून गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डायअॅटमची पेशी पेढ्याच्या डब्यासारखी असते, तळ आणि झाकण, दोन्ही वाळूच्या घटकाची म्हणजे सिलिकाची. पेशी दुभंगली की प्रत्येक पिल्लू एक अर्धुक घेतं आणि ते झाकण म्हणून वापरून आत नवा तळ बनवतं. ज्याच्या वाट्याला जुना तळ आला त्याचा डबा एक माप लहान. पिढ्यानपिढ्या सरासरी माप उतरत जातं. निसर्गात मधूनच लैंगिक प्रजनन होऊन पेशी पुन्हा मोठी होते. माझ्या नळीत तो योग कधी आला नाही. १९९९ ला मोजली होती, २००४ ला पुन्हा मोजली तेव्हा लांबी निम्म्याला आली होती, २००६ च्या पावसाळ्यात गेली. ४१ मध्ये ती नाही.

हे सगळं वहीत आहे. दोनशे पानी वही, पुठ्ठ्याची. कुठलं पाणी, कोणती बाजू, तारीख, पाण्याचं तापमान, सोबत कोण होतं, पुढे काय बदललं. एक मूर्खपणा मात्र केला. सुरुवातीची लेबलं शाईच्या पेनाने लिहिली, दमटपणाने उडाली. पुढे पेन्सिलने लिहायला लागले, ती टिकली. म्हणून काही नळ्या कुठल्या नोंदीच्या हे मी आता फक्त अंदाजाने सांगू शकते.

आणि मिठागरातली ड्युनॅलिएला अजून छान आहे! मीठ वाढवलं, उजेड वाढवला की केशरी होते, गाजरात असतं तेच बीटा-कॅरोटिन. गेल्या दिवाळीत ती बाटली दिव्यांच्या रांगेत ठेवली होती, नातीने सरबत समजून विचारलं.

---

अनुस्वार | शनिवार, दुपारी ४:०२

काकू, माझा भाऊ ऑस्टिनला असतो, टेक्सासला. तिथल्या विद्यापीठात म्हणे शेवाळाचा खूप मोठा संग्रह आहे. पुढच्या महिन्यात तो येतोय. जाताना हँडबॅगेत दहा-बारा नळ्या नेऊ शकेल, शंभर मिलिच्या आतच असतील ना?

---

कलम_दहा | शनिवार, दुपारी ४:१०

नका नका नका.

वकिली करते, पेटंटची. अनुस्वार, भाऊ भला आहे, पण इथला जैविक माल परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला संशोधनासाठी द्यायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली आधी परवानगी लागते, चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची. हँडबॅगेतून शेवाळ हा विषय कस्टमवाल्यांशी बोलायचा नाही.

शिवाय आपल्या पेटंट कायद्यात अटच आहे. शोधात जैविक पदार्थ वापरला आणि तो शब्दांत पुरता वर्णन करता येत नसेल, तर तो मान्य संग्रहात जमा करा, आणि तो कुठून, कोणत्या भागातून आला तेही लिहा. उद्या कोणी या मिठागराच्या शेवाळातून औषध काढलं तर काकूंच्या वहीतलं पान हा पुरावा ठरेल. त्यासाठी १९७७ चा बुडापेस्ट करार आहे, भारत २००१ ला सामील झाला. मान्य संस्थेत एकदा जमा केलं की सगळ्या सदस्य देशांत चालतं. आपल्याकडे चंदीगडच्या संग्रहाला आणि पुण्यात एनसीसीएस या संस्थेतल्याला तशी मान्यता आहे. एक गंमत बघा, त्या करारात जमा केलेली गोष्ट किमान ३० वर्षं जिवंत ठेवावी लागते. काकूंनी कराराशिवायच ठेवली.

---

सागवान | शनिवार, संध्याकाळी ६:३०

१९१५ चा जीवाणू वाचून गप्प झालो. शब्द मागे घेतो, पण अर्धेच. त्यांच्याकडे संस्था होती, पैसा होता. इथे एक खिडकी आहे. नातवंडांना वही द्या, नळ्या सोडा, असं मी माझ्या आईला सांगितलं असतं.

---

करावेकर | शनिवार, रात्री ९:००

नेरूळच्या करावे गावचा. पाखरांचा नाद आहे. खाडीत जे रोहित (फ्लेमिंगो) येतात, त्यातला छोटा रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो, त्याचं पोट निळ्या-हिरव्या शेवाळावर आणि डायअॅटमवर चालतं. २०१५ ला खाडीत अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं. लोक कॅमेरे घेऊन येतात, ऐरोलीहून बोटीत बसतात, गुलाबी फोटो काढतात. त्यांच्या पायाखालच्या चिखलाचा फोटो काढणारा मी अजून बघितला नाही. पाखरू मोजतो आपण, त्याचं जेवण कोणी मोजत नाही.

मॅडम, विटाव्याचा चिखल तुम्ही कोणत्या साली आणला? तेव्हाचं काही जिवंत आहे का? आमचे आजोबा म्हणायचे तिथे कोलंबी हाताने धरायचे.

---

तळ्यात_मळ्यात | शनिवार, रात्री ९:४५

करावेकर, १९९८ चा फेब्रुवारी, ओहोटी होती, माझी चप्पल तिथेच रुतली ती आजतागायत. त्या चिखलातली तंतूवाली ऑसिलेटोरिया अजून आहे, नोंद ३१. काळपट निळी. नळी उघडली की मातीचा वास येतो, खरंच खाडीसारखा.

सागवान, तुमच्या आईने ऐकलं असतं का हो?

---

पिपेटवाला | रविवार, सकाळी १०:१५

ताई, आता कामाचं बोलू.

१) नळ्या लगेच कुठे पाठवू नका. आधी यादी पाठवा. संग्रहवाले पहिल्यांदा कागद बघतात. नाव (निदान प्रजाती), ठिकाण, तारीख, कोणी वेगळं केलं, माध्यम, तापमान, उजेड. यातलं ठिकाण-तारीख नसेल तर कितीही देखणी नळी असली तरी परत येते. शाई उडालेल्या नळ्यांबद्दल अंदाजाने काही लिहू नका. 'माहीत नाही' लिहिलेलं चालतं, चुकीचं लिहिलेलं वीस वर्षांनी कोणाचा तरी पीएच.डी.चा गळा धरतं. चुकीच्या लेबलाची कल्चर्स जगात फिरताहेत, पेपर निघून गेल्यावर कळतं.

२) सगळे संग्रह शेवाळ घेत नाहीत. पुण्यातला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधला संग्रह १९५१ चा, चंदीगडचा १९८६ चा, दोघांचा मुख्य जोर जीवाणू, यीस्ट आणि बुरशीवर. शेवाळाला उजेडाची खोली लागते, ती सगळ्यांकडे नसते. निळ्या-हिरव्यांसाठी दिल्लीच्या आयएआरआयमध्ये (भारतीय कृषी संशोधन संस्था) जुना संग्रह आहे, भातशेतीच्या खताच्या निमित्ताने वाढलेला. खाऱ्या पाण्यातल्यांसाठी तिरुचिरापल्लीला भारतीदासन विद्यापीठात १९९१ पासून सोय आहे. तुमची ३१ नंबर तिकडे विचारा.

३) मायक्रोस्कोप असेल तर एकेक नळी बघा. आत एकच शेवाळ आहे का? जीवाणू असतीलच. घरच्या नळीत जीवाणू नसणं ही परीकथा आहे, त्याने अडत नाही. पण दोन शेवाळं एकत्र असतील तर वेगळी यादी करा.

४) आजच, म्हणजे आजच, प्रत्येकाची दुसरी नळी करा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रयोगशाळेत सफाई कामगाराने सतत टीं-टीं वाजणाऱ्या फ्रीझरचा आवाज बंद करायला सर्किटच बंद केलं. वीसेक वर्षांचं काम विरघळलं. तुमच्या रॅकची गोष्ट वाचून तेच आठवलं. वाईट हेतू कोणाचाच नसतो.

दुसरी प्रत माझ्याकडे वाशीला ठेवा. उत्तरेची खिडकी आहे, बायकोची परवानगी काढली आहे. तिची अट एकच, 'दह्याच्या फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही.'

---

तिसरी_पाळी | रविवार, दुपारी १:५०

काकू, बीजी-११ चं माध्यम मी तोलून देतो, लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट वगैरे सगळं, पुड्या बांधून. माझ्या खिशातून, कंपनीतून नाही, गैरसमज नको. तुमच्याकडे नॉस्टॉक-अॅनाबिना असतील तर त्यांच्यासाठी नायट्रेटशिवायच्या पुड्या वेगळ्या करतो, त्यांना हवेतला नायट्रोजन घ्यायची सवय मोडायला नको.

आणि शेवाळ वाढवायला आगर, आगर निघतो लाल शेवाळातून. हे मला गेल्या आठ वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. आज सुचलं.

---

तळ्यात_मळ्यात | रविवार, दुपारी २:३०

तोही स्वयंपाकघरातून आलाय! जर्मन जीवाणूशास्त्रज्ञ कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यात वितळायचं. तिथे काम करणाऱ्या हेस यांची बायको फॅनी, तिने जेलीत घालायचा आगर सुचवला. १८८१-८२ ची गोष्ट. माझा चायना ग्रास त्या मानाने परंपरेला धरूनच आहे.

पिपेटवाला, तुमच्या घरच्यांना नमस्कार सांगा. दह्याच्या फ्रिजला हात लावणार नाही.

---

तळ्यात_मळ्यात | तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ११:०५

अपडेट देते, बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं.

सगळ्या ४१ बघितल्या. कॉलेजने निकालात काढलेला मायक्रोस्कोप मी तेव्हा विकत घेतला होता, त्याचा आरसा फुटलाय, मोबाईलचा टॉर्च लावून काम केलं. सहा मेलेल्या निघाल्या. हिरव्या दिसत होत्या पण पेशी रिकाम्या. किती महिने मी मेलेलं शेवाळ नवीन नळीत टाकत होते कोण जाणे. आठांमध्ये दोन-दोन जाती. त्यातल्या दोनांत तर नावाप्रमाणे असायला हवी ती जातच नाही, कुठून तरी क्लोरेला शिरली आणि घरमालकीण होऊन बसली. बाकी सत्तावीस चांगल्या. त्यांतल्या १९ ची नोंद पुरी आहे, आठ शाईवाल्या.

त्या आठांपुढे 'ठिकाण माहीत नाही' लिहायला मला दोन दिवस लागले. एक नळी कचराळीची आहे हे मला आतून माहीत आहे. रंगावरून, वाढण्याच्या ढबीवरून. ती आणली त्या दिवशी आमचे हे सोबत होते, बाटलीला दोरी त्यांनी बांधली होती. तरी 'माहीत नाही'च लिहिलं.

यादी तीन ठिकाणी पाठवली. एकीकडून उत्तर नाही. एकाने विचारलं की तुमची संस्था कोणती, मी 'निवृत्त' असं लिहिलं, पुढे शांतता. तिसऱ्यांनी १२ मागवल्या आणि वहीच्या त्या त्या पानांचे फोटोही मागवले. मायक्रोसिस्टिस मागितली, तीही बदललेली आहे हे कळवल्यावर. म्हणाले, कधी बदलली याची तारीख आहे का? आहे, म्हटलं. क्रमांक कधी मिळतील, मिळतील की नाही, ते तपासणीनंतर. तिकडे जाऊन मेल्या तर तेही कळवतील.

सगळ्या सत्ताविसांची दुसरी प्रत वाशीला गेली. ड्युनॅलिएला आणि ३१ नंबर करावेकर घेऊन गेले. बोटीच्या मोटरचं तेल लागलेल्या हातांनी त्यांनी नळी अशी धरली की मला माझ्या टी.वाय.च्या मुली आठवल्या.

कोलशेतच्या घरी मोरीतली एक छोटी खिडकी उत्तरेला निघाली. सहा नळ्या मावतील. घरमालकाला अजून सांगितलेलं नाही.

---

नौपाड्याचा_बंड्या | बुधवार, रात्री ११:२०

मोरीतल्या शेवाळाबद्दल घरमालकाने तक्रार केली तर सांगा, 'हे आमचंच आहे, सोबत आणलंय.'

---

सातवी_ब | गुरुवार, सकाळी ७:१०

मी कळव्याला पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकात सूक्ष्मजीवांचा धडा आहे, चित्रं आहेत, मुलांनी प्रत्यक्ष काही बघितलेलं नाही. मॅडम, एखादी नळी मिळेल का? मोडली, मेली तरी चालेल अशी.

---

तळ्यात_मळ्यात | गुरुवार, सकाळी ७:४०

मेली तरी चालेल अशी कोणतीच नाही, पण सहजी न मरणारी आहे. मासुंद्याची सिनेडेस्मस, नोंद २, चार-चार पेशी ओळीने बसलेल्या असतात, मुलांना लगेच ओळखू येईल. शनिवारी चारनंतर या. नळी उभी राहील असा उंच पेला आणि कापडी पिशवी आणा, प्लास्टिकमध्ये गुदमरते. वर्गात थेट उन्हात ठेवू नका. मुलांनी तोंडात घालायची नाही, आणि नको झाली तर उकळत्या पाण्यात टाकून मग ओतायची, गटारात किंवा तलावात जिवंत सोडायची नाही.

वहीच्या दुसऱ्या पानाचा फोटो काढून घ्या, लेबल पेन्सिलने लिहा. चहा मिळेल, पण बिनदुधाचा. फ्रिज काल हलवला.